एकशे बारा आत, एकशे तेरा बाहेर

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी वाचतो ते चेष्टा करायला. ऑफिसात डबा खाताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी 'इथे वायरिंग लूज असणार', 'इथे बाईला ताप असणार' असं म्हणत एकेकाचा निकाल लावायचा, हा आमचा जुना टाइमपास. भूत, चाहूल, इशारा... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. खरं तर आजही नाही. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच लॅपटॉपवर, भर दुपारी घडली आणि तिचा निकाल मला लावता येत नाहीये.

मी नितीन. राहतो टिटवाळ्याला, नोकरी ठाण्यात कोलशेतला. काम म्हणजे लोकांनी पाठवलेल्या घाणेरड्या एक्सेल फाइल साफ करून त्यांचे रिपोर्ट बनवायचे. अकरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, पण मला पसारा सहन होत नाही. कोणी तारखेच्या कॉलममध्ये 'मागचा रविवार' लिहिलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, तुला माणसंसुद्धा सॉर्ट करून हवी असतात. तिचं फार चुकत नाही.

माझं लहानपण डोंबिवली पूर्वेला गेलं. तिथे आमचे गणिताचे लिमये सर निवृत्तीनंतर रक्तदात्यांची यादी सांभाळायचे. आसपासची मंडळं गणपतीत, शिवजयंतीला, कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ रक्तदान शिबिरं घेतात. शिबिर झालं की कार्यकर्ते दात्यांची यादी सरांकडे पाठवणार, सर ती जपून ठेवणार. कोणाला रक्त लागलं की सरांना फोन, आणि दहा मिनिटांत सर नाव काढून देणार. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना स्क्रीनकडे फार वेळ बघवेना, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

तुम्ही मंडळाच्या कार्यकर्त्याने बनवलेली एक्सेल कधी पाहिलीये? वरच्या चार ओळी मर्ज करून मंडळाचं नाव. त्याखाली 'श्री गणेशाय नमः'. वयाच्या कॉलममध्ये '३२ चालू'. एकाच सेलमध्ये दोन मोबाइल नंबर, मध्ये तिरकी रेघ, आणि दुसऱ्यापुढे 'मेव्हण्याचा'. रक्तगट कुठे 'बी पॉझि', कुठे 'B+ve', कुठे नुसतंच 'माहीत आहे'. आणि यावर कडी म्हणजे सरांचे कंस! नावापुढे, नंबरापुढे, गटापुढे, जागा मिळेल तिथे सर कंस करून काहीतरी लिहून ठेवायचे. (सुईला घाबरतो, सोबत कोणीतरी पाठवा.) (आईला कळू देऊ नये.) (दुपारी दोन ते चार झोपतात.) अशा साठ-एक फाइल होत्या. मी पहिल्या तीन उघडल्या आणि हात टेकले.

दोन रविवार बसून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. फोल्डरमध्ये फाइल टाकायच्या, डबल क्लिक करायचं, मिनिटाभरात एक स्वच्छ यादी बाहेर. रक्तगट आठच, नववं काही दिसलं तर त्यातल्या जवळच्यात बसवायचं. पत्त्यातलं गाव, वाडी, चाळ सगळं काढून फक्त तालुका ठेवायचा. आणि माझा सगळ्यात लाडका नियम — कंस दिसला की कंसासकट आतलं सगळं उडवायचं. शेवटी स्क्रिप्ट दोन आकडे दाखवायची, किती ओळी आत आल्या आणि किती बाहेर गेल्या. बाहेरचा आकडा नेहमी कमी किंवा फार तर सारखा, कारण माझ्या स्क्रिप्टला ओळ काढता येते, घालता येत नाही. घालणारी एक कमांडही त्यात नाही.

सरांना दाखवलं. त्यांनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिलं.

"अरे नितीन, ते कंस मी उगाच नव्हते घातले."

"सर, तुम्हाला डेटा पाहिजे की किस्से?"

सर हसले. "बरं बाबा. तुझं शास्त्र तुला ठाऊक."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. जुन्या फाइल राहिल्या तर कोणीतरी परत त्याच फिरवत बसेल, म्हणून त्या सगळ्या डिलीट केल्या. सरांचा पेनड्राइव्हसुद्धा फॉरमॅट केला. शिबिरांचे कागद तर आधीच रद्दीत गेलेले. त्या दिवशी घरी येताना मी स्वतःवर जाम खूश होतो.

त्यानंतर साधारण आठ महिन्यांनी माझी ताई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नववीत होतो. तेव्हापासून माझा डबा, माझी फी, मला धपाटे, माझ्या लग्नाची बोलणी, सगळं तिने केलं. दुसऱ्यांचं सगळं बघेल पण स्वतःचं काही बोलणार नाही, अशी. कित्येक महिने पाळीत प्रचंड रक्त जात होतं आणि बाईने भावोजींनासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा हिमोग्लोबिन चारच्याही खाली. गर्भाशयात मोठी गाठ, ऑपरेशन लगेच हवं, पण आधी रक्त चढवायला हवं.

ताईचा गट ओ, असं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. रक्तपेढीने ओच्या पिशव्या काढल्या. एकही जुळेना. दुसऱ्या आणल्या, त्याही नाहीत. मग नमुना मोठ्या लॅबमध्ये गेला आणि कळलं की ताईचा गट ओ नाहीच. 'बॉम्बे' नावाचा एक फार दुर्मीळ गट असतो. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो, पण त्या माणसाला रक्त चालतं ते फक्त त्याच गटाचं. माझं तपासलं — बी पॉझिटिव्ह. सख्खा भाऊ असून शून्य उपयोग.

"किमान एक पिशवी हातात आल्याशिवाय मी त्यांना टेबलवर घेणार नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "आणि फार थांबताही येणार नाही."

"फार म्हणजे किती, मॅडम?"

"दोन दिवस. तीन म्हणायची माझी हिंमत नाही."

पहिला दिवस फोन करण्यात गेला. या गटाचे जे थोडे दाते सापडले त्यातल्या दोघांनी नुकतंच रक्त दिलेलं, एक परदेशात, एक फोनच उचलेना. दुसऱ्या गावच्या रक्तपेढीत एक पिशवी होती, ती आमच्या समोर दुसऱ्या पेशंटला गेली. ताईच्या ओठांना रंग राहिला नव्हता. मी आत गेलो की मलाच विचारायची, "जेवलास का रे?" मला रडू यायचं आणि तिचा रागही यायचा. आता तरी स्वतःबद्दल काहीतरी विचार ना, बाई!

दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम लिमये सरांची आठवण झाली. मी धावत बाहेर येऊन फोन लावला.

"सर, आपल्या यादीत बॉम्बे ग्रुपचा कोणी होता का हो?"

"होता की! खडवलीचा. मिशीवाला गृहस्थ, तिकडे वीटभट्टीवर होता बहुतेक. रक्तपेढीवाल्यांनी मला मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी कंसात लिहून ठेवलंय, बघ तू. आहे."

 मी तिथेच पायरीवर बसलो.

"सर... नाव काय त्यांचं?"

"अरे, नाव पाठ असतं तर लिहून कशाला ठेवलं असतं?"

मी कंसांबद्दल काहीतरी पुटपुटलो. सरांना हळूहळू कळलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "कोणाला हवंय रे?" मी म्हटलं, ताईला. सरांनी ताईलाही गणित शिकवलं होतं.

आता एकच करता येण्यासारखं होतं. स्वच्छ यादी उघडली. पुरुष, कल्याण तालुका, ओ पॉझिटिव्ह. माझ्या स्क्रिप्टने त्या माणसाला यांच्यातच कुठेतरी कोंबलं असणार. फिल्टर लावला, एकशे बारा नावं आली. खडवलीचा कोण, वीटभट्टीचा कोण, मिशीवाला कोण... काही कळायला मार्ग नाही. सगळं मीच पुसलेलं. भावोजी म्हणाले, "अर्धी मला दे, अर्धी तू घे, सगळ्यांना लावू." म्हणून यादी नावांप्रमाणे लावून घ्यावी, यासाठी ती एकशे बारा नावांची फाइल मी परत त्याच स्क्रिप्टमधून काढली. हॉस्पिटलचं कॅन्टीन होतं, दुपारचे बारा वाजून गेलेले, लॅपटॉप माझ्या पुढ्यात आणि शेजारी भावोजी.

स्क्रीनवर आलं — आत ११२, बाहेर ११३.

मी परत वाचलं. झोप नव्हती, डोळे चुरचुरत होते. फाइल उघडली. नावांचा क्रम मोडून तळाशी एक ओळ होती: सुनंदा भोईर. स्त्री. वय ३९. खडवली. मोबाइल नंबर. रक्तगट O (बॉम्बे).

जरा नीट सांगतो. मी फिल्टर लावला होता पुरुषांचा. माझी स्क्रिप्ट गाव ठेवतच नाही. आणि कंस! कंस तर तिच्यातून बाहेर पडूच शकत नाही. प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या फाइलमधून आली ते मी नोंदवतो, तो रकाना या ओळीपुढे कोरा होता. मी तीच एकशे बारा नावं परत चालवली. आत ११२, बाहेर ११२. तिसऱ्यांदाही तेच. पण पहिल्यांदा निघालेली फाइल समोर उघडी होती आणि तिच्यात ती ओळ होती. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण घाबरायलासुद्धा वेळ नव्हता.

नंबर लावला. बाईंनी उचलला.

"सुनंदाताई भोईर का? मी रक्तदात्यांच्या यादीवरून बोलतोय..."

"ओटीपी बिटीपी काय भेटनार नाय हां," म्हणाल्या आणि कट.

परत लावला. घाईघाईत रक्ताचं सगळं सांगितलं.

"मी कदी रक्त दिलंच नाय," त्या वैतागून म्हणाल्या. "कुटल्या शिबिरात नाय गेले, काय नाय. माजा नंबर कोनी दिला तुमाला?"

"तुमचा गट बॉम्बे आहे, असं इथे—"

"माजा गट मलाच ठाव नाय, नि तुमाला कसा ठाव?" कट.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "माझी बहीण मरतेय हो." दोन दिवसांत हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. आणि मग भर कॅन्टीनमध्ये, लोक बघत असताना, मी हुंदके देऊन रडायला लागलो. भावोजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.  मला वाटलं, बाईंनी फोन ठेवला असणार.

"कुटं यायचं हाय?" बाई म्हणाल्या.

साडेतीनला त्या आल्या. सोबत नणंद, कारण अनोळखी माणसाच्या फोनवरून एकटीला कोण पाठवणार? नणंद माझ्याकडे असं बघत होती की मी आत्ता किडनी काढून घेईन. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने नमुना घेतला, साधी तपासणी केली, म्हणाला, "ओ आहे. तुम्हाला चालणार नाही." मी म्हटलं, पुढची करा. म्हणाला, कशावरून? मी म्हटलं, यादीत आहे. तो पुटपुटत आत गेला.

तास गेला. नणंद घड्याळ बघायला लागली. मग तो तंत्रज्ञ बाहेर आला आणि आधी बाईंकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. "यांनी आधी कुठेच तपासलेलं नाही म्हणता... मग तुम्हाला कळलं कसं?"

गट बॉम्बेच होता. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, बाईंचं बारा पॉइंट सहा भरलं. ताईच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, जुळलं. सुनंदाताई खुर्चीत बसल्या, तोंड भिंतीकडे केलं, डोळे गच्च मिटले. बाकीच्या तपासण्या संध्याकाळी पूर्ण झाल्या, रक्त चढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचं ऑपरेशन झालं. आणखी एक पिशवी बाहेरगावच्या दात्याकडून दोन दिवसांनी मिळाली. ताई वाचली. हे वाक्य लिहितानासुद्धा मला थांबावं लागलं.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे निकाल लावायला बसलो. ऑफिसातल्या रेवतीला पूर्ण कोड दाखवला. तिने ओळ न् ओळ तपासली. म्हणाली, "यातून जास्तीची ओळ येऊच शकत नाही रे. तूच टाइप केलेली असशील." मी सुनंदा भोईर हे नाव जन्मात ऐकलेलं नव्हतं आणि भावोजी शेजारी बसलेले होते. मग वाटलं, डिलीट केलेल्या फाइलमधलं काहीतरी वर आलं असेल. पण तेही बसत नाही. बाईंचा तो मोबाइल नंबर जेमतेम सहा महिन्यांचा. मी फाइल उडवल्या तेव्हा तो नंबर त्यांच्याकडे नव्हताच. मग वाटलं, सरांचा मिशीवाला म्हणजे यांचाच कोणी असेल. विचारलं. नवरा मिशी ठेवत नाही, भाऊ नाही, घरात कोणी कधी शिबिराला गेलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे बाईंचा गट त्या दिवसापर्यंत जगात कोणालाच माहीत नव्हता. जे कोणीच लिहिलं नव्हतं ते माझ्या फाइलमध्ये आलं कुठून?

ताईला घरी सोडायच्या आदल्या दिवशी सुनंदाताई भेटायला आल्या. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. ताईने नर्सची नजर चुकवून खाल्लीसुद्धा.

"भाऊ, आता तरी खरं सांगा," त्या मला म्हणाल्या. "माजं नाव कोनी दिलं?"

मी लॅपटॉप उघडून ती ओळ दाखवली. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, स्क्रीनवर बोट फिरवून पाहिलं. "नि ह्ये कोनी लिवलं?"

"माहीत नाही, ताई. देवाशपथ."

 मग त्या ताईकडे वळून हळूच म्हणाल्या, "डाक्टरीन सांगत होती, मला लागलं तर मलाबी असंच शोधत फिरावं लागंल."

"तुझं मी बघते," ताई म्हणाली. "आधी माझ्या अंगात जरा रक्त भरू दे." दोघी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

सुनंदाताई कशा सापडल्या ते मला सांगता येत नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. वायरिंग लूज म्हणालात तरी ऐकून घेईन. पण सरांचा तो खडवलीचा माणूस कसा हरवला, हे मला नीट सांगता येतं. तो मी हरवला. एकशे बारापैकी त्र्याण्णव जणांशी माझं बोलून झालंय, त्यांच्यात तो नाही. उरलेले एकोणीस नंबर बंद आहेत किंवा दुसऱ्याच कोणाचे झालेत. तीन रविवार खडवलीला जाऊन आलो. ज्या दोन वीटभट्ट्या सापडल्या त्यांतली एक बंद झालीये, दुसरीवर त्याला कोणी ओळखत नाही. शिबिरात त्याला स्वतःला कोणी नीट समजावून सांगितलं होतं की फक्त सरांच्या कानावर घातलं होतं, हे सरांनाही आठवत नाही. उद्या त्याला अपघात झाला, तर तो सगळ्यांना सांगेल ओ, आणि त्याच्या घरचेही ओच शोधत बसतील.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूचे असाल, आणि असा एखादा मिशीवाला माणूस तुमच्या ओळखीत असेल, ज्याने कधीतरी डोंबिवलीच्या मंडळात रक्त दिलं होतं, तर त्याच्या घरी जा. मला नाही कळवलंत तरी चालेल. फक्त त्याला सांगा, की त्याचं रक्त ओ नाही.